शाळेतील पाहुणा आणि त्याची पात्रता : कुरखेडा परिसरातील एका प्रथेचा इतिहास

शाळेच्या मंचावर बाहेरची व्यक्ती आणून तिच्याकडून विद्यार्थ्यांना चार शब्द ऐकवण्याची प्रथा महाराष्ट्रात इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल, ती केव्हातरी सुरू झाली असेल आणि तिचे नियम कोणीतरी घडवले असतील, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार हा क्रम मुंबईतील महाविद्यालयात जसा पाळला जातो तसाच गडचिरोली जिल्ह्यातील दोन शिक्षकी प्राथमिक शाळेतही पाळला जातो. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची पात्रता मात्र कायद्याने काटेकोरपणे बांधली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 23 नुसार शिक्षकाला किमान अर्हता आवश्यक असून त्यासाठी महाराष्ट्रात 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाते. त्याच वर्गातील मुलांसमोर तास-दोन तास बोलणाऱ्या पाहुण्याला मात्र कोणतीही अट लागू नाही. अंतराळापासून अध्यात्मापर्यंत आणि सर्पदंशापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत कोणत्याही विषयावर तो बोलू शकतो, आणि त्याचे बोलणे संपल्यावर टाळ्या वाजवणे हेच श्रोत्यांचे एकमेव कर्तव्य मानले जाते.

हा प्रश्न एखाद्या शहराच्या संदर्भात मांडण्यापेक्षा कुरखेड्याच्या संदर्भात मांडणे अधिक उपयोगी ठरते, कारण या परिसरात शाळा तुलनेने उशिरा आली आणि ती येण्यापूर्वी, तसेच आल्यानंतर तिच्या भिंतींबाहेरही, बोलणाऱ्याची पारख करण्याच्या निरनिराळ्या रीती येथे चालू होत्या. सती नदीकाठचे हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याआधीच्या काळात, म्हणजे मध्य प्रांताच्या राजवटीत, हा मुलूख चांदा जिल्ह्यात होता, आणि 1905 मध्ये ब्रह्मपुरी व चांदा या तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली ही स्वतंत्र तहसील बनवण्यात आली. जमीनदारी म्हणजे येथे सारा भरण्याच्या बदल्यात वंशपरंपरेने ठरावीक गावांवर आणि जंगलावर हक्क सांगणारी छोटी सत्ता. गेवर्धा, सोनसरी, पळसगड अशा जमीनदाऱ्या या भागात होत्या, आणि मध्य प्रदेशातील मालकी हक्क रद्द करणारा 1950 चा कायदा 1951 मध्ये अमलात येईपर्यंत त्या टिकल्या. गोंड, हलबा, कंवर, गोवारी, कुणबी अशा अनेक समाजांची ही वस्ती असून घराघरांत गोंडी, छत्तीसगढी आणि झाडीबोली या बोली बोलल्या जातात. झाडीबोली म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील, झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील मराठीचे रूप.

शाळेपूर्वीच्या काळात या मुलुखात चारचौघांसमोर बोलण्याचा अधिकार कसा मिळत असे, हे पाहिले तर पुढचा इतिहास समजणे सोपे जाते. गोंड गावांत गोटूल ही संस्था होती. गोटूल म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याचे, गाणी, नाच, कथा आणि गावाचे रीतिरिवाज शिकण्याचे सामाईक घर, आणि अनेक ठिकाणी तेच गावाच्या बैठकीचेही स्थान. तेथे सांगणारा माणूस गावाच्या रोजच्या पाहण्यातला असल्यामुळे कोणाला झाडपाला कळतो, कोणाला शिकारीच्या वाटा ठाऊक आहेत आणि कोण नुसताच बोलघेवडा आहे, हे ऐकणाऱ्यांना आधीच माहीत असे. मराठीभाषक गावांत कीर्तनकाराची पारख वेगळ्या तऱ्हेने होई. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचे निरूपण करावयाचे आणि उत्तररंगात त्याला अनुसरून आख्यान लावावयाचे असा बांधीव क्रम असतो. कीर्तनकाराने कोणाकडे शिकावे, किती पाठांतर असावे, याचे संकेत ठरलेले असत, आणि ज्याला अभंग मुखोद्गत आहेत असा एखादा म्हातारा श्रोता समोर बसलेला असल्यामुळे बुवांची चूक झाकली जात नसे. दंडार या झाडीपट्टीच्या लोकनाट्यात तर रात्रभर प्रेक्षकाला जागे ठेवणे हीच परीक्षा होती. या तिन्ही ठिकाणी पात्रता प्रमाणपत्राने ठरत नव्हती, पण ती ठरत होती आणि ती ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्यांकडे होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मध्य प्रांतात 1861 नंतर शिक्षण खात्याची उभारणी झाली आणि हळूहळू सरकारी देशी भाषेच्या शाळा जंगलपट्टीच्या कडेपर्यंत पोहोचू लागल्या. त्या शाळांत बाहेरून येणारा पहिला माणूस म्हणजे तपासणीस. मराठी मुलुखात त्याला लोक 'दिपोटी' म्हणत. डेप्युटी इन्स्पेक्टर या पदनामाचे हे लोकरूप दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत भीतियुक्त आदराने राहिले आहे. दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा सारवली जाई, मुलांचे कपडे धुतले जात आणि मास्तरांची झोप उडे. मात्र दिपोटी भाषण करण्यासाठी येत नसे. तो मुलांना वाचायला लावी, उजळणी म्हणवून घेई, तोंडी हिशेब घाली आणि निघताना शेरेबुकात अभिप्राय लिही. त्याचे काम प्रश्न विचारण्याचे होते, आणि ते करण्याइतके शिक्षण त्याच्याजवळ होते. आजच्या प्रमुख पाहुण्याचा मान, त्याच्यासाठी होणारी धावपळ आणि त्याच्या येण्याने शाळेवर येणारा ताण हे सारे दिपोटीकडून आलेले आहे. दिपोटीचे प्रश्न मात्र वाटेत गळून पडले.

दुसरा वारसा मुंबई-पुण्याकडून आला. 1848 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी स्थापन केलेल्या साहित्य व विज्ञानविषयक सभेची मराठी शाखा दादोबा पांडुरंग यांच्या अध्यक्षतेखाली काम करू लागली आणि तेथे सभासदांनी निबंध वाचावा व त्यावर चर्चा व्हावी अशी रीत पडली. 1875 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्रातील गावोगावी तिच्या धर्तीवर व्याख्यानमाला निघाल्या. या व्याख्यानांचा श्रोता प्रौढ होता, त्याला वक्त्याशी असहमत होता येत होते, अध्यक्ष असे तो वक्त्याच्या विवेचनातील उणिवा दाखवण्यासाठीच असे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचा समाचार घेतला जाण्याची शक्यताही असे. ही रीत शाळेत उतरली तेव्हा अध्यक्ष राहिला, हार राहिला, टेबलावरचा पाण्याचा तांब्या राहिला, परंतु चर्चा राहिली नाही, कारण समोर बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने पाहुण्याला आडवा प्रश्न विचारणे हे शिस्तीत बसत नव्हते. सार्वजनिक व्याख्यानाला ज्या गोष्टीमुळे किंमत होती तीच नेमकी शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिली.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. पात्रतेचा आग्रह धरला म्हणजे पदवीचा आग्रह धरला असे होत नाही, आणि विदर्भाचा इतिहास याचा सर्वांत मोठा दाखला आहे. शाळेचे तोंड न पाहिलेले गाडगे महाराज (1876–1956) वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत आणि श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–1968) यांचे औपचारिक शिक्षण अगदी थोडे होते. तरीही त्यांच्या खंजिरीभजनांनी आणि ग्रामगीतेने वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत सामुदायिक प्रार्थनेची, ग्रामसफाईची आणि व्यसनमुक्तीची जी भाषा रुजवली तिची बरोबरी कोणत्याही विद्यापीठीय व्याख्यात्याला करता आली नाही. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूरचा उठाव झाल्यानंतर त्यांना चंद्रपूर येथे अटक होऊन कारावास भोगावा लागला, म्हणजे बोलण्याची किंमत मोजण्याची तयारीही त्यांच्यापाशी होती. हे दोघे ज्या विषयांवर बोलले ते विषय त्यांनी स्वतः जगून पाहिले होते आणि ज्या विषयांचे ज्ञान नव्हते त्यांवर अधिकार सांगितला नाही. पुढे त्यांच्या नावाचा आधार घेऊन 'आम्हालाही शिक्षण कमी, पण अनुभव मोठा' असे मंचावरून सांगणाऱ्यांची जी रांग लागली, तिच्याशी त्यांचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल.

स्वातंत्र्यानंतर पाहुण्याच्या निवडीचा पाया बदलला. राज्यपुनर्रचनेत 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि 1961 च्या अधिनियमानुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. ग्रामीण महाराष्ट्रातील लोकशाहीचा हा मोठा टप्पा होता यात शंका नाही, परंतु त्याचा एक परिणाम फारसा नोंदला गेलेला नाही. शाळेची इमारत, शिक्षकांची बदली, वर्गखोलीची दुरुस्ती हे सारे ज्यांच्या शब्दावर अवलंबून असे, तेच आता स्नेहसंमेलनाचे उद्घाटक झाले. मुख्याध्यापकाने सभापतींना बोलावणे हे अगत्य होते आणि तो एक प्रकारचा अर्जही होता. पाहुण्याच्या भाषणात काय असते याला अशा वेळी महत्त्व राहत नाही. भाषण हे त्यांच्या येण्याचे मोल असते, आणि मुले ते मोल उन्हात बसून चुकवतात. खासगी अनुदानित शाळांत संस्थाचालक, देणगीदार आणि त्यांचे स्नेही यांनी हीच जागा घेतली. अपात्र वक्ता अज्ञानामुळे निवडला जातो असे मानण्याचा प्रघात आहे. येथील शाळांचा इतिहास पाहता तो बहुधा पूर्ण जाणतेपणाने निवडला गेलेला दिसतो, कारण त्याला बोलावण्याचा हेतूच मुलांना काही शिकवण्याचा नव्हता.

या मानपानाचे सर्वांत ठळक दर्शन शाळेत होत नाही, ते झाडीपट्टी रंगभूमीच्या मांडवात होते. धानाची कापणी-मळणी आटोपली की दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्यांना जोडून रात्रभर चालणारी नाटके यांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजेच वडसा हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र आहे. गावोगावी वाटल्या जाणाऱ्या नाटकाच्या पत्रकावर कलावंतांच्या नावांच्या बरोबरीने उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी अशी नावांची लांबच लांब यादी छापलेली असते, आणि पहिला पडदा उघडण्याआधी या सर्वांचा सत्कार होतो. तरीही येथे एक शहाणपण दिसते. सत्कार पाहुण्याचा होतो, रात्र मात्र नटाची असते, आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो तो नटासाठीच. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये झाडीपट्टी रंगभूमीवरील कार्यासाठी पद्मश्री मिळाली. त्या सन्मानामागे पत्रकावरचे मानाचे पद नव्हते, वर्षानुवर्षे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभे राहून मिळवलेली मान्यता होती. शाळेने या रंगभूमीकडून यादी घेतली आणि प्रेक्षकाचा नापसंतीचा हक्क मात्र घेतला नाही.

गेल्या काही दशकांत पाहुण्यांची मागणी एकाएकी वाढली, त्याचे कारण दिनविशेषांच्या पत्रिकेत आहे. सावित्रीबाई फुले जयंती, विज्ञान दिन, मराठी भाषा गौरव दिन, योग दिन, वाचन प्रेरणा दिन, संविधान दिन, जनजातीय गौरव दिवस यांपैकी प्रत्येक दिवस साजरा झाल्याचा अहवाल आणि छायाचित्र वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावे लागते, आणि छायाचित्रात मंचावर कोणीतरी असावे लागते. ज्या शाळेत दोनच शिक्षक असून पोषण आहाराच्या नोंदींपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची कामे त्यांनाच करावी लागतात, तेथे विज्ञान दिनाला भौतिकशास्त्राचा अध्यापक कोठून आणावयाचा? मग जो जवळ आहे, मोकळा आहे आणि मानधन मागत नाही, तो बोलावला जातो. शिक्षकाला दोष देण्यात येथे अर्थ नाही.

ही पोकळी ज्यांनी भरून काढली त्यांत 'प्रेरणादायी व्याख्याते' हा नवा व्यावसायिक वर्ग महाराष्ट्रभर दिसतो. खासगी शिकवणीच्या जाहिरातीसाठी येणारा मार्गदर्शक, स्पर्धा परीक्षेत एकदा यश मिळाल्याच्या बळावर आयुष्याच्या सर्व प्रश्नांवर बोलणारा अधिकारी, आणि आईवडिलांच्या कष्टांची वर्णने करून संपूर्ण सभागृह रडवणारा वक्ता हे त्यांचे परिचित नमुने होत. मुली हुंदके देत आहेत, शिक्षकही डोळे पुसत आहेत, असे चित्रीकरण प्रसारित होते आणि तेच व्याख्यानाच्या यशाचे प्रमाण मानले जाते. आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या निवासी शाळेत, आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या, कित्येकदा त्यांपैकी एकाला गमावलेल्या मुलांवर असा प्रयोग करण्याचा अधिकार कोणत्या मानसशास्त्राच्या आधारे मिळतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. 2009 च्या अधिनियमातील कलम 17 मुलांच्या मानसिक छळाला मनाई करते, पण ते वापरण्याची वेळ शिक्षकाच्या बाबतीतच येते.

चुकीच्या माहितीने होणारे नुकसान जंगलाच्या जिल्ह्यात किती प्रत्यक्ष असते, हे सापांच्या विषयावरून स्पष्ट होते. नागपंचमीच्या सुमारास किंवा वन्यजीव सप्ताहात शाळेत 'सर्पमित्र' बोलावण्याची पद्धत आहे. त्यांच्यापैकी काही जण अभ्यासू असतात, तर काहींची पात्रता साप हातात धरण्याच्या धाडसापुरती असते, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 असूनही जिवंत साप मुलांपुढे खेळवला जातो. अशा कार्यक्रमांत हमखास सांगितला जाणारा एक ठोकताळा म्हणजे विषारी साप चावला तर दोन दातांच्या खुणा उमटतात आणि बिनविषारी चावला तर अनेक. आता मण्याराचे उदाहरण घ्यावे. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो, त्याचे दात इतके बारीक असतात की खूण बहुधा दिसतच नाही, चावलेल्या जागी सूज नसते आणि वेदनाही फारशा नसतात. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास मंदावतो. दातांच्या खुणा शोधण्याचा धडा घेतलेले मूल किंवा त्याचा सोबती येथे काहीच सापडले नाही म्हणून पुन्हा झोपी जाईल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, अवयव स्थिर ठेवून वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, एवढे सांगण्यासाठी साप हातात धरण्याची गरज नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका हे दहा मिनिटांत सांगू शकते, परंतु तिच्या भाषणाला गर्दी होत नाही.

श्रद्धेच्या प्रांतातही हेच घडते. राज्यघटनेचे कलम 28 पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करते आणि 1976 च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. तरीही पाहुण्याच्या भाषणाला धार्मिक शिक्षण म्हणावयाचे की संस्कार, या संदिग्धतेत बरेच काही खपून जाते. 2024 मध्ये चेन्नईतील अशोकनगर येथील मुलींच्या सरकारी शाळेत एका आध्यात्मिक वक्त्याने शारीरिक अपंगत्व हे पूर्वजन्मीच्या कर्मांचे फळ असल्याचे सांगितले. त्या वेळी तेथील एका दृष्टिहीन शिक्षकाने जागच्या जागी हरकत घेतली म्हणून ते प्रकरण बाहेर आले, वक्त्याला अटक झाली आणि शाळांतील कार्यक्रमांसाठी नियम करण्याची भाषा तमिळनाडू शासनाला करावी लागली. हरकत घेणारा एक माणूस सभागृहात नसता तर तेही भाषण टाळ्यांतच संपले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हा विषय पुस्तकी नाही. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली, आणि ती महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाल्यानंतर आठ वर्षांनी. कर्मफळाची किंवा करणीची भाषा शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून एकदा जरी उच्चारली गेली तरी तिला सरकारी शाळेची मान्यता मिळाल्यासारखे गावात समजले जाते.

गडचिरोली जिल्ह्यातच पात्रतेचे दुसरे टोकही आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सर्च ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांचा त्यांचा अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा त्रास असल्याचे त्यातून दिसले. किशोरवयीन मुलामुलींशी शरीर, प्रजनन आणि नातेसंबंध यांविषयी बोलणारा 'तारुण्यभान' हा उपक्रम राणी बंग यांनी पुढे उभा केला, तो या अभ्यासाच्या पायावर, आणि एका भाषणात उरकून न टाकता शिबिराच्या रूपात. 2007 मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांतील किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम विरोधानंतर थांबवला, ही गोष्ट या संदर्भात चमत्कारिक वाटते. ज्या विषयात खऱ्या जाणकाराची गरज होती तेथे शाळेचे दार लोटले गेले, आणि ज्यात कोणीही चालतो तेथे ते सताड उघडे राहिले.

कुरखेडा येथेच 1984 पासून डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेचे काम उभे केले. संस्थेच्या नावातच तिची भूमिका आली आहे. गावातील बायकांनी शिकावे, वनौषधींपासून कायद्यापर्यंतचे ज्ञान आपलेसे करावे आणि आपल्याच शेजारणींना सांगावे, ही तिची पद्धत. बाहेरच्या तज्ज्ञाचे स्थान तेथे आहे, पण ते गावातील माणूस तयार होईपर्यंतचे. याहून रेखीव उत्तर शेजारच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने काढले. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या नावाशी जोडलेल्या या गावाच्या ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यासगट आणि ग्रामसभा अशी दोन वेगळी अंगे ठेवली गेली. अभ्यासगटात बाहेरच्या जाणकाराला विषयवार बोलावले जाते, त्याला उलटसुलट प्रश्न विचारले जातात, विरोधी मतही ऐकले जाते, पण निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने आणि गावाचा गावच घेतो. पाहुणा माहिती देतो, उपदेश करीत नाही, आणि त्याने सांगितलेले सारे तपासून घेण्याची मुभा असते. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात या गावाचा वृत्तांत सविस्तर दिला आहे. वसंत व्याख्यानमालेतून शाळेत येताना जी चर्चा हरवली होती ती निरक्षर आणि अल्पशिक्षित माणसांच्या या गटात अधिक कसदार रूपात आढळावी, हा शिक्षणव्यवस्थेवरचा पुरेसा बोलका अभिप्राय आहे.

पात्रतेच्या चर्चेत भाषेचा मुद्दा सहसा येत नाही. नागपूरहून किंवा पुण्याहून आलेला विषयतज्ज्ञ प्रमाण मराठीत बोलतो तेव्हा पहिली-दुसरीतील गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो काहीच बोलत नसतो, मग त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल' या नावाने सुरू केली, आणि 2022 मध्ये शिक्षण खात्याने तिला मान्यता नसल्याच्या कारणावरून नोटीस दिली. मान्यतेशिवाय शाळा चालवण्यास 2009 च्या अधिनियमात एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. मुलांच्या भाषेत गावाने शिकवणे तपासण्यास जी यंत्रणा इतकी तत्पर आहे, ती मान्यताप्राप्त शाळेच्या मंचावर काय बोलले जाते याची नोंदही ठेवत नाही.

नियमांची उणीव आहे असेही म्हणता येत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कुरखेडा तालुका पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत असल्यामुळे पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, 1996, म्हणजेच पेसा, आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये केलेले त्याचे नियम येथे लागू आहेत. सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर आणि तेथील कर्मचाऱ्यांवर ग्रामसभा व पंचायतीचे नियंत्रण असावे, हे पेसाला अभिप्रेत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकण्यास पाठवण्याची कल्पना आहे, आणि केंद्र शासनाच्या 'विद्यांजली' योजनेतून स्वयंसेवकांनी शाळेत येण्याची सोय आहे. म्हणजे कुरखेड्याच्या एखाद्या शाळेला बांबूचे काम करणारा बुरूड, मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हिशेब जाणणारी ग्रामसभेची सचिव, दंडारीतला जुना गायक किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिका यांना रीतसर बोलावता येते, आणि कोणाला बोलवावे हे पालकांच्या समितीने आधी ठरवावे यालाही कायद्याची आडकाठी नाही. प्रत्यक्षात समितीच्या सभेत पोषण आहाराचा तांदूळ, गळके छप्पर, शौचालयाची दुरुस्ती आणि गणवेशाचा निधी हे विषय येतात, आणि स्नेहसंमेलनाचा पाहुणा मुख्याध्यापक, सरपंच आणि केंद्रप्रमुख यांच्या दूरध्वनीवरील बोलण्यात ठरतो. पाहुण्याने कोणत्या विषयावर बोलावयाचे हे त्या बोलण्यात बहुधा येत नाही. ते निमंत्रणपत्रिकेवरही छापलेले नसते, आणि पाहुणे मंचावर आल्यावर सूत्रसंचालक त्यांना 'दोन शब्द' बोलण्याची विनंती करतो.